बेलरची पाती कापत नाहीत तेव्हा आधी ओळ बघा

कापणाऱ्या बेलरच्या, म्हणजे शेतातला चारा उचलून, कापून त्याचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राच्या, तक्रारी ठरलेल्या असतात. काड लांबच राहतं, रोटर (मालाला पात्यांवर ओढणारी, दात असलेली फिरती नळी) तुंबतो, शिअर बोल्ट (जादा भार आला की आधी तुटावा म्हणून बसवलेला) तुटतो, डिझेल वाढतं. मग पाती काढून धार लावली जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पुन्हा मूळपदावर येतं. धार हवीच, तिच्यावर पुढे बरंच लिहिलं आहे. पण पात्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याच्यापुढे माल किती येणार, सलग येणार की गुठळीने, उभा येणार की आडवा, हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं: रेकने शेतात गोळा केलेल्या चाऱ्याच्या ओळीत, ती ओळ उचलणाऱ्या पिकअपवर आणि पिकअप ते रोटर या वीतभर जागेत.

साधा हिशेब करून बघू. ओळीत मीटरला ३ किलो माल आहे आणि ट्रॅक्टर ताशी १० किमीने, म्हणजे सेकंदाला साधारण २.८ मीटरने चालला आहे. बेलरच्या तोंडात सेकंदाला ८.३ किलो जातात, तासाला ३० टन. रोटर मिनिटाला १३० फेरे घेतो, पाती २५ आहेत आणि प्रत्येक पात्याच्या गल्लीत रोटरचे चार दात आहेत असं धरा. सेकंदाला सुमारे २१७ घास होतात, एका घासाला ३८ ग्रॅम. मूठभर काड झालं हे. कुठल्याही बऱ्या पात्याला ते जड नाही. आता ओळीत मध्येच तिप्पट जाडीची गुठळी आली की तोच घास ११४ ग्रॅमचा होतो, आणि एका दाताला नाही तर शेजारच्या पाच-सहा दातांना एकदम. जादा भाराला घसरून मशीन वाचवणारा क्लच घसरतो तो या गुठळीवर, सरासरी मालावर नाही. ताशी ३० टन सलग गिळणारं मशीन ताशी २० टनांच्या गुठळ्या-गुठळ्यांच्या ओळीत तीनदा तुंबतं, त्याचं कारण हे आहे.

ओळ कशी असावी

बहुतेक गोल बेलरच्या चेंबरची (गठ्ठा जिथे बनतो त्या पेटीची) रुंदी १.२ मीटरच्या आसपास असते आणि पिकअप २ ते २.३ मीटर रुंद असतं. पिकअप रुंद आहे म्हणून ओळही तेवढीच रुंद करण्याचा मोह होतो. कडेचा माल मात्र बाजूच्या ऑगरने (फिरत्या मळसूत्राने) आत ढकलून चेंबरच्या रुंदीत बसवावा लागतो. त्यामुळे दोन्ही टोकांच्या पात्यांवर दुप्पट थर येतो आणि मधली पाती निम्म्या कामावर राहतात. पिकअपची जादा रुंदी वळणावर आणि वेड्यावाकड्या ओळीत काही सुटू नये म्हणून आहे, ओळ पसरवायला नाही.

ओळ एक तर चेंबरएवढी रुंद असावी, नाहीतर चेंबरच्या निम्मी. मधली, म्हणजे चेंबरच्या पाऊण रुंदीची ओळ सगळ्यात त्रासदायक. डावी-उजवी करत चालवलं तरी मधला पट्टा दोन्ही वेळा भरतो, गठ्ठा पिंपासारखा पोट सुटलेला होतो आणि कडा सैल राहतात. निम्म्या रुंदीची ओळ असेल तर ती १० ते १५ मीटर एका बाजूने घ्यायची, चटकन पलीकडे जायचं आणि तेवढंच अंतर दुसऱ्या बाजूने घ्यायचं. सापासारखं सतत नागमोडी चालवलं की माल बहुतेक वेळ मध्येच पडतो आणि बाजू बदलण्याचा फायदा निघून जातो.

ओळीचा आडवा छेद पेटीसारखा हवा: वर सपाट, कडा उभ्या, जाडी शेवटपर्यंत सारखी. चाकांच्या रेकने माल दोरखंडासारखा पिळला जातो. अशी ओळ पिकअपवर तुटत नाही, ओढली जाते, आणि मग हातभर लांबीचे झुबके एकदम आत जातात. रोटरी रेक जास्त वेगाने चालवला की तो माल ठेवण्याऐवजी फेकतो आणि ओळीत ढीग आणि खळगे तयार होतात. बेलरवर तासभर झगडण्यापेक्षा रेक एक गिअर खाली चालवणं केव्हाही परवडतं. बांधाजवळच्या कोपऱ्यात रेक वळताना जो ढीग पडतो, तो काट्याने पसरून टाकायचा. दिवसातले निम्मे अडथळे त्या कोपऱ्यांतच होतात.

आणखी एक गोष्ट कापणीच्या वेळीच ठरते. चारा ७ ते १० सेंमी उंचीवर कापला की ओळ धसकटांवर तरंगते, खालून हवा खेळते आणि टाईनला (पिकअपच्या काट्यांना) माती न खरवडता ओळीच्या खाली शिरता येतं. अगदी जमिनीलगत कापलं की पिकअपही तेवढं खाली न्यावं लागतं. मग माती आणि खडे आत जातात आणि पात्याची धार दिवसभर टिकत नाही. मुरघासाच्या गठ्ठ्यात तर मातीबरोबर नको ते जिवाणूही जातात.

पिकअप: उचलायचं, खरवडायचं नाही

सपाट शेतात टाईनची टोकं जमिनीपासून २ ते ३ सेंमी वर असावीत. दगडाळ किंवा उंचसखल जमिनीत आणखी वर. ही उंची शेतात, गठ्ठा अर्धा भरलेला असताना बघायची. रिकाम्या मशीनवर पत्र्याच्या शेडमध्ये लावलेली उंची टायर दबल्यावर बदलते. हिचची, म्हणजे बेलर ट्रॅक्टरला जोडतो त्या जागेची, उंचीही तपासा. ड्रॉबार जास्त वर असेल तर सगळं मशीन मागे कलतं, पिकअपचा कोन बदलतो आणि टाईन चुकीच्या जागी माल सोडतात. बेलर समपातळीत उभा आहे ना, हे हंगामाच्या सुरुवातीला लेव्हल लावून एकदा बघून ठेवावं.

पिकअपचा वेग आणि ट्रॅक्टरचा वेग यांची जोडी जमली पाहिजे. टाईनच्या टोकांचं वर्तुळ ५० सेंमी व्यासाचं असेल आणि पिकअप मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला ३.१४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११.३ किमी होतो. ट्रॅक्टर ताशी १० किमीने चालला असेल तर जोडी छान जमली: टाईन ओळीपेक्षा किंचित वेगात आहेत, माल हलकासा ताणून वर येतो. ट्रॅक्टर १४ च्या वेगाने नेला की पिकअप ओळीला ढकलायला लागतं, पुढे मालाची लाट तयार होते आणि ती फुटली की गुठळी आत जाते. उलट ५ च्या वेगाने चाललं की टाईन मालाला तुकड्या-तुकड्यांनी हिसकतात आणि लसूणघासाची पानं तिथेच झडतात. आपल्या मशीनचा हा आकडा एकदा काढून केबिनमध्ये लिहून ठेवावा. काही मशीनवर पिकअपचा स्प्रॉकेट बदलून वेग बदलता येतो. हळू चालावं लागणाऱ्या शेतासाठी ती सोय वापरण्यासारखी आहे.

माल दाबून धरणारा वरचा रोलर किंवा सळ्यांचा पिंजरा याला बरेच जण हात लावत नाहीत. आखूड, कोरडं काड असेल तर तो खाली हवा, कारण टाईनना असा माल एकट्याने पकडता येत नाही, तो पुढेच नाचत राहतो. ओळ जाड आणि हिरवी असेल तर तो वर हवा, नाहीतर मालाला तोच अडवतो. सेटिंग बरोबर असेल तेव्हा रोलर मालावर सतत टेकून फिरतो. तो उड्या मारत असेल तर ओळीत गुठळ्या आहेत किंवा रोलर फार वर आहे.

टाईन तुटलेले किंवा वाकलेले असले की त्या पट्ट्यातला माल शेजारच्या टाईनवर जातो, म्हणजे तिथून पुढच्या पात्यांना कुठे जास्त, कुठे कमी. एकाच रेषेत दोन टाईन गेले की जमिनीवर सरळ पट्टी मागे सुटलेली दिसते. तुटलेला टाईन शोधून काढायचाच. तो गठ्ठ्यात गेला तर जनावराच्या पोटात जाऊ शकतो, आणि रोटरमध्ये गेला तर चार पाती खाऊन जातो. कॅम असलेल्या पिकअपमध्ये कॅम रोलर झिजले की टाईन वेळेवर मागे सरत नाहीत, माल सोडण्याऐवजी खाली घेऊन जातात. पिकअपच्या पट्ट्यांखाली, आतल्या बाजूला काड साचलेलं दिसलं की आधी तिथे बघा.

पिकअप ते रोटर: वीतभर जागा

पिकअप माल सोडतं तिथपासून रोटरचा दात पकडतो तिथपर्यंत मालाला कोणीच धरलेलं नसतं. मागून येणारा माल पुढच्याला ढकलतो, एवढंच. ही जागा जितकी लहान, तितकं बरं. नव्या रचनांमध्ये बाजूचे ऑगर रोटरच्याच शाफ्टवर बसवलेले दिसतात ते याचसाठी. जुन्या मशीनवर तेवढं करता येत नाही, पण तीन गोष्टी नक्की करता येतात. ऑगरची झिजलेली कड वेल्डिंगने भरून पुन्हा मूळ व्यासाला आणायची. आतल्या पत्र्यावरचा गंज, जुने वेल्डिंगचे डाग, बाहेर आलेली बोल्टची डोकी घासून साफ करायची. रोटरच्या दातांमधले स्क्रेपर (चिकटलेला माल खरवडणाऱ्या पट्ट्या) दात बसवलेल्या नळीला न घासता शक्य तेवढे जवळ लावायचे. स्क्रेपर आणि नळीत फट वाढली की ओलसर पेंढा तिथे शिरतो, नळीला गुंडाळला जातो, नळीचा व्यास वाढतो आणि दाताची उंची कमी होते. दात बुटका झाला की घास लहान होतो आणि बाकीचा माल त्याच्यावरून घसरतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रोटर फिरतोय, पण गिळत नाही.

गुंडाळलेला माल बेअरिंगपर्यंत पोचला की तो घासून तापतो, आणि बेलरला आग लागण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. दुपारच्या विश्रांतीत मशीन बंद करून बेअरिंगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघण्याची सवय ठेवावी. डाव्या-उजव्या जोडीतलं एक बेअरिंग दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल तर पुढचा गठ्ठा करायच्या आधी तिथलं कव्हर उघडायचं.

रोटरचे दात नळीवर नागमोडी किंवा इंग्रजी व्हीच्या आकारात बसवलेले असतात, म्हणजे सगळे एकदम पात्यांवर येत नाहीत, भार वाटला जातो. दुरुस्तीत एखादा दात बदलताना तो शेजारच्याच्या रेषेत लावून चालत नाही, त्याच्या मूळ कोनातच वेल्ड करावा लागतो. दाताची पुढची कड झिजून गोल झाली की ती मालाला धरत नाही, दाबते. तिथे कठीण धातूचा थर चढवणं हे अगदी वसूल काम आहे. वेल्डिंगनंतर रोटर हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक पातं दाताच्या दोन पाकळ्यांच्या मधोमध जातंय ना, हे बघितल्याशिवाय पीटीओ (ट्रॅक्टरची शक्ती बेलरला देणारा शाफ्ट) जोडू नये.

पाती आणि कापाची खरी लांबी

माहितीपत्रकात दिलेली कापाची लांबी म्हणजे दोन पात्यांमधलं अंतर. चॅनेलची (पात्यांवरून माल आत जातो त्या वाटेची) रुंदी भागिले पात्यांची संख्या. २५ पाती असतील तर सुमारे ४५ मिमी, त्यातली निम्मीच वर, म्हणजे मालाच्या वाटेत, ठेवली तर ९० मिमीच्या आसपास. पण हे फक्त पात्याला काटकोनात आलेल्या काडीसाठी खरं आहे. काडी पात्याशी ३० अंशांचा कोन करून आली तर तुकडा ९० मिमीचा पडतो. पात्याला समांतर आली तर ती दोन पात्यांमधून अखंड निघून जाते, धार कितीही असो. म्हणून गठ्ठ्यात काही लांब काड्या नेहमीच सापडणार. प्रश्न असतो तो प्रमाणाचा.

दोष कुठे आहे हे गठ्ठाच सांगतो. गोल गठ्ठा सोडवायचा, वेगवेगळ्या तीन जागांवरून मूठ-मूठ माल घ्यायचा, पांढऱ्या पोत्यावर पसरायचा आणि काड्यांची टोकं बघायची.

टोकं स्वच्छ आणि तिरकी कापलेली, पण काड्या लांब: पाती चांगली आहेत, माल उभा येतोय. इलाज ओळीत आणि रेकमध्ये आहे.

टोकं चिंध्यांसारखी, पिंजलेली: धार गेली आहे. दात मालाला पात्यावर ओढून फाडतोय.

गठ्ठ्याभोवती ठरावीक जागी लांब काड्यांचा पट्टा, बाकी सगळीकडे ठीक: त्या गल्लीतलं पातं मागे सरकलं आहे, मोडलं आहे किंवा बसवायचं राहिलं आहे. रोटरमधून गेलेला माल चेंबरमध्ये डावी-उजवीकडे फारसा सरकत नाही, त्यामुळे गठ्ठ्याच्या रुंदीत पट्टा जिथे आहे तिथूनच पातं मोजून काढता येतं.

सकाळी काप चांगला आणि दुपारपर्यंत सगळाच लांब: हायड्रॉलिक सिलिंडरचं सील गळतंय आणि सगळी पाती हळूहळू खाली बसताहेत. गेज असेल तर दाब बघा. नसेल तर पाती वर घेऊन मशीन अर्धा तास उभं ठेवा आणि पात्याच्या टोकाची उंची आधी आणि नंतर मोजा.

दगड किंवा लोखंड आलं की पातं मागे सरकावं आणि पुन्हा जागेवर यावं, यासाठी प्रत्येक पात्यामागे स्प्रिंग असते. स्प्रिंग सैल झाली की पातं मालाच्या दाबानेच मागे जातं. तिच्यामागे भुसा आणि माती ठासून बसली तर उलट होतं, पातं मागे जाऊच शकत नाही आणि पहिल्याच दगडाला त्याचा तुकडा पडतो. रोज संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने पात्यांच्या खाचा आणि स्प्रिंगची जागा साफ करणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आठवड्यातून एकदा, मशीन बंद आणि दाब सोडलेला असताना, प्रत्येक पातं पहारीने मागे दाबून बघा. हाताला जोर सारखा लागायला हवा. ज्याला फार कमी किंवा फार जास्त लागतो, ते उघडायचं.

पाती खाली ठेवून बरेच दिवस काम केलं की खाचा बारीक भुशाने भरतात, आणि गरजेच्या दिवशी पाती अर्धीच वर येतात. म्हणून न कापता गठ्ठे करत असतानाही दर काही गठ्ठ्यांनंतर पाती एकदा वर-खाली करावीत. पाती काढूनच ठेवली असतील तर खाचांत बंद पट्ट्या बसवाव्यात. उघड्या खाचेतून माल खाली गळतो आणि तिथेच दगडासारखा बसतो.

धार

बहुतेक पात्यांना एका बाजूला बारीक दाते असतात आणि दुसरी बाजू गुळगुळीत, उतार दिलेली असते. ग्राइंडर फक्त गुळगुळीत बाजूला लावायचा. दात्यांच्या बाजूला दगड लागला की दाते जातात, आणि पुढे कितीही धार काढली तरी काड पात्यावरून निसटत राहतं. उताराचा मूळ कोन तसाच ठेवायचा. कोन बोथट ठेवला तर पातं टिकतं पण फाडतं, फार निमुळता केला तर पहिल्या खड्यालाच कड वळते.

उष्णता हा दुसरा शत्रू. कड निळी पडली की पात्याचं पाणी उतरलं, ते पातं पुढे तासाभरातच बोथट होणार. हलका हात, लहान फेऱ्या, मध्ये-मध्ये पाण्यात बुडवणं. शेवटी दात्यांच्या बाजूला उभी राहिलेली बारीक कोर तेलाच्या दगडाने एकदाच हलकी काढायची. मोठा खळगा पडला असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत सगळं पातं घासत बसू नये. पातं अरुंद झालं की ते रोटरच्या दातांमध्ये पुरेसं खोल जात नाही, आणि दात-पात्याच्या मधून माल न कापता जातो. अशी घासून बारीक झालेली पाती बदललेली बरी, त्यांची धार कितीही चकचकीत दिसली तरी.

किती वेळाने धार लावायची याला एक आकडा नाही. ओला, मातकट मुरघासाचा चारा असेल तर रोज. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, तिथेही रोज बघावं लागतं. स्वच्छ कोरड्या गवतात जास्त दिवस जातात. ज्या मशीनवर पात्यांचे दोन गट निवडता येतात आणि लांब काप चालतो, तिथे सकाळी एक गट आणि दुपारी दुसरा, असं केलं तर धार दिवसभर पुरते. बोथट पात्यांनी काम रेटण्याचा खर्च पात्यात दिसत नाही. तो डिझेलमध्ये, साखळीत आणि गिअरबॉक्समध्ये जातो.

सगळीकडे कापायची गरज नसते

कापलेल्या मालाचा गठ्ठा घट्ट होतो, मिक्सरमध्ये लवकर मोकळा होतो, आणि जनावरं लांब काड्या बाजूला सारत नाहीत. मुरघासात घट्टपणा म्हणजे आत कमी हवा, हा मोठा फायदा. पण कोरडं आखूड काड कापलं की गठ्ठ्याची सुरुवातच होत नाही, तुकडे चेंबरखालून गळत राहतात. अशा मालात गठ्ठ्याचा गाभा बनेपर्यंत पाती खाली ठेवायची, मग वर घ्यायची, आणि शेवटच्या काही फेऱ्यांना पुन्हा खाली. बाहेरचा लांब थर गठ्ठ्याला गुंडाळलेल्या जाळीच्या आत कवच बनून राहतो. कापलेल्या गठ्ठ्याला जाळीचा एखादा वेढा जास्त द्यावा.

ओलाव्याचा हिशेबही बदलतो. कोरड्या चाऱ्याच्या लहान गठ्ठ्यात १८ ते २० टक्के ओलावा चालून जातो, मोठ्या घट्ट गठ्ठ्यात १५-१६ च्या वर जाऊ नये. कापून केलेला गठ्ठा आणखी घट्ट असतो, आतला ओलावा बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तिथे आणखी सावध राहावं. मुरघासाच्या गठ्ठ्याला ४५ ते ६० टक्के. काडाचं गणित वेगळं: दवात भिजलेलं काड चामड्यासारखं चिवट होतं, कापलं जात नाही आणि रोटरला गुंडाळलं जातं. कापायचं काड ऊन चढल्यावरच घ्यावं. लसूणघासाला याच्या उलट, थोडं दव असताना घेतलं की पानं वाचतात. कोरडाठाक लसूणघास कापू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लांबीत जे मिळतं त्यापेक्षा जास्त पानांच्या चुऱ्यात जातं.

लहान चौकोनी बेलर

इथे पाती दोनच: एक प्लंजरवर (माल ठोकून दाबणाऱ्या दट्ट्यावर), एक चेंबरच्या तोंडाच्या कडेला घट्ट बसवलेलं. काम लांबी कमी करण्याचं नाही, प्रत्येक घास चेंबरबाहेरच्या मालापासून तोडण्याचं आहे. दोघांमधली फट ०.४ ते ०.८ मिमी हवी, आणि ती वर, मध्ये, खाली अशा तिन्ही जागी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची. वर बरोबर आणि खाली जास्त असेल तर प्लंजरच्या रुळांचे घर्षणपट्टे किंवा बेअरिंग एका बाजूला झिजलेत. आधी ते नीट करायचे, मग पातं सरकवायचं. फट वाढली की माल तुटत नाही, मुडपतो. गठ्ठ्याच्या एका बाजूला शेपट्यांसारखा माल लोंबताना दिसला की हेच झालेलं असतं. अशा गठ्ठ्याचे थर सोडवतानाही एकमेकांत अडकतात.

मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर प्लंजर मिनिटाला साधारण ८० ते १०० ठोके देतो. एका गठ्ठ्यात १२ ते १८ थर पडावेत. दोऱ्या कापून थर मोजा. १० च्या आत आले तर प्रत्येक घास फार मोठा आहे: वेग कमी करा. २० च्या वर गेले तर वेग वाढवायला जागा आहे. गठ्ठा केळ्यासारखा वाकत असेल तर चेंबरच्या दोन बाजूंना माल सारखा पोचत नाही. पलीकडची (पिकअपपासून लांबची) बाजू सैल असेल तर फीडरचे, म्हणजे माल चेंबरमध्ये ढकलणारे, काटे एक भोक आत घ्या, अलीकडची सैल असेल तर बाहेर. ओळ पातळ असेल तेव्हा काटे आत, जाड असेल तेव्हा बाहेर, हा साधा नियम. काट्यांची वेळ प्लंजरशी जुळलेली नसेल तर प्लंजर येताना काटे अजून चेंबरमध्येच असतात. शिअर बोल्ट तुटल्यावर नवा घालण्याआधी ही वेळ हाताने फ्लायव्हील फिरवून तपासायचीच. आणि बोल्ट पुस्तकात दिलेल्या ग्रेडचाच. जास्त कठीण बोल्ट घातला की पुढच्या वेळी बोल्टाऐवजी गिअर तुटतो.

तुंबल्यावर

गठ्ठे करत असताना पीटीओचे फेरे कधी कमी करायचे नाहीत. हळू जायचं तर गिअर बदलून. क्लचचा आवाज आला की ट्रॅक्टर जागेवर थांबवा आणि पीटीओ लगेच सोडा. घसरणारा क्लच काही सेकंदांत तापतो. मग पाती खाली, रोटरखालचा तळ खाली उतरणारा असेल तर तोही खाली, आणि इंजिन मंद ठेवून पीटीओ जोडा. माल सरकला की फेरे हळूहळू पूर्ण वाढवा, रोटर फिरत असतानाच तळ वर घ्या, शेवटी पाती वर. पाती आधी वर घेतली तर उरलेला ढीग पुन्हा त्यांच्यावरच येतो.

दोनदा करूनही सुटलं नाही तर तिसऱ्यांदा रेटू नका. इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबेपर्यंत वाट, हायड्रॉलिकचा लॉक लावलेला, हातात जाड मोजे, आणि मगच आकडीने माल ओढायचा. चालू पिकअपमधून हाताने काड ओढायला जाऊ नये, एकदाही नाही. टाईन माल इतक्या झटक्यात ओढतात की मुठीतलं काड सोडायलाही वेळ मिळत नाही.

सुट्टीच्या काळात उभ्या राहिलेल्या मशीनचा स्लिप क्लच गंजून चिकटतो, आणि मग संरक्षण उरतच नाही. हंगामाआधी स्प्रिंगची लांबी मोजून लिहा, नट सैल करा, क्लच काही सेकंद घसरू द्या, आणि नट पुन्हा त्याच लांबीला आणा.

हंगाम संपल्यावर

पाती काढताना ती डावीकडून उजवीकडे क्रमाने काढा, त्याच क्रमाने बाकावर मांडा आणि उरलेली रुंदी मोजून लिहा. मधली पाती जास्त झिजली असतील तर ओळी अरुंद पडत होत्या. दोन्ही टोकांची झिजली असतील तर ओळी फार रुंद होत्या. एकाच बाजूची झिजली असतील तर चालक ओळ कायम त्याच बाजूला धरत होता, किंवा दुसऱ्या बाजूचा ऑगर माल ढकलत नाही. त्यानंतरच धार काढा, तेल लावा आणि पुढच्या वेळी बसवताना जास्त झिजलेली पाती कमी कामाच्या जागी टाका. मोजमापांचा कागद रेक चालवणाऱ्याकडेही एक द्या.